मुलाम्याचे मोल

‘मुलामा’ या शब्दाविषयी मराठी मनात एक अढी आहे. वर सोन्याचा मुलामा आणि आत पितळ, असे ज्याच्याविषयी म्हटले जाते त्याची प्रतिष्ठा त्या एका वाक्यात संपते. मुलामा म्हणजे वरवरचा आणि स्वस्तात मिळवलेला देखणेपणा, अशीच आपली समजूत असते. परंतु कलेच्या इतिहासात एक काळ असा होऊन गेला की, वस्तूच्या किमतीचा मोठा भाग तिच्या मुलाम्यात असे आणि त्या मुलाम्याची खरी किंमत कोणत्याही हिशेबाच्या वहीत नोंदवली जात नसे. त्या काळातील एका वस्तूच्या निमित्ताने एका नैतिक प्रश्नाचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

ती वस्तू म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये घडवलेले, संगमरवर आणि सोनेरी ब्राँझ यांचे बहुशाखी दीपवृक्ष. पॅरिसचे लूव्र, लंडनचे वॉलेस कलेक्शन अशा संग्रहालयांत या घराण्यातील कामे आजही पाहावयास मिळतात. खाली पांढऱ्याशुभ्र वा रंगीत संगमरवराचे जोते. त्यावर कलश, आखूड स्तंभ अथवा चुणीदार वस्त्र ल्यालेली स्त्रीमूर्ती. तिच्या हातांतून वर उमलत गेलेल्या सोनेरी शाखा. शाखांवर कोरीव पाने, माळा, मेंढ्यांची मस्तके. आणि प्रत्येक शाखेच्या टोकाला मेणबत्तीसाठी एक वाटी. हे दीपवृक्ष बहुधा जोडीने घडवले जात आणि आरशासमोर मांडले जात, म्हणजे एका ज्योतीच्या दोन होत.

या घडणीमागे एक विचार होता. १७३८ मध्ये हर्क्युलेनियम व १७४८ मध्ये पॉम्पेई या गाडल्या गेलेल्या रोमन नगरांचे उत्खनन सुरू झाले आणि युरोपची दृष्टी पुन्हा प्राचीन ग्रीक-रोमन कलेकडे वळली. वळणावळणांची, शिंपल्यांसारखी नागमोडी नक्षी मागे पडली. सरळ रेषा, प्रमाणबद्धता आणि संयम यांना मान मिळाला. १७७४ मध्ये सोळावा लुई गादीवर आला तेव्हा ही नवअभिजात शैली फ्रान्सच्या दरबारात स्थिरावली होती. या शैलीच्या पुरस्कर्त्यांना सौंदर्याबरोबर सदाचाराचीही ओढ होती. प्राचीनांची साधी, उदात्त रूपे डोळ्यांसमोर असली की मनही उदात्त होईल, अशी त्यांच्यातील अनेकांची श्रद्धा होती. ही श्रद्धा वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्याशीच आपली गाठ आहे.

आता हा मुलामा चढत कसा असे ते पाहू. सोन्याचा अतिशय पातळ पत्रा ठोकून त्याचे तुकडे तापवलेल्या पाऱ्यात टाकीत. पारा सोने गिळून टाकतो आणि लोण्यासारखा एक मऊ गोळा तयार होतो. तो हरणाच्या कातड्यात घालून पिळला की जादा पारा बाहेर येई. ओतून, कोरून, स्वच्छ केलेल्या ब्राँझवर प्रथम पारा आणि तीव्र आम्ल यांच्या द्रावाचा हात देत आणि मग पितळी तारांच्या कुंचल्याने तो गोळा एकसारखा पसरीत. त्यानंतर ती वस्तू कोळशाच्या निखाऱ्यांवर धरली जाई. ३५७ अंश सेल्सियसला पारा उकळतो. परंतु त्याच्या पुष्कळ आधीपासून त्याची वाफ सुटू लागते. पारा उडून जाई आणि सोने ब्राँझला घट्ट धरून राहत असे. कारागीर चिमट्याने वस्तू फिरवीत, ब्रशने चोपीत, थर सगळीकडे सारखा बसतो आहे की नाही हे अगदी जवळून न्याहाळीत असे. मनाजोगा रंग येईपर्यंत हे सारे पुन्हा करावे लागे. शेवटी काही भाग अकीकाच्या दगडाने घोटून चकचकीत करीत, तर काही भाग क्षारांच्या लेपाने मुद्दाम निस्तेज, मखमली ठेवीत. मेणबत्तीच्या हलत्या प्रकाशात ही चकाकी आणि ही मखमल शेजारी शेजारी आली की धातू जणू श्वास घेऊ लागे. या निस्तेज मुलाम्याच्या कौशल्यासाठी १७५८ मध्ये उस्ताद झालेला पॅरिसचा पिएर गूतिएर विशेष नावाजला गेला.

धातू असा श्वास घेऊ लागत असे, पण तो घडवणाऱ्याच्या श्वासाचे काय होत असे? उडून गेलेला पारा कारागिराच्या नाकातोंडातून फुप्फुसात आणि तेथून रक्तात जात असे. आधी हिरड्या सुजत, दात हलू लागत, तोंडाला सतत लाळ सुटे. मग हात कापू लागत. मग स्मरण आणि चित्ताची स्थिरता ढळत जाई. ज्या हाताच्या स्थैर्यावर त्याचे पोट होते, तोच हात त्याचा धंदा त्याच्याकडून काढून घेत असे.

हे त्या काळी कुणाला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. इटलीतील मोडेना येथील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मुलामा देणाऱ्या कारागिरांच्या पारदबाधेची दखल आहे. रोग्याला वैद्याने जे प्रश्न विचारावयाचे त्यांत आणखी एका प्रश्नाची भर या सत्पुरुषाने घातली : तुझा धंदा कोणता? म्हणजे गूतिएरच्या भट्ट्या पेटण्यापूर्वी अर्धे शतक हे ज्ञान छापील स्वरूपात उपलब्ध होते. दिवाणखान्यातील दीपवृक्षावर मात्र त्याचा काही परिणाम झाला नाही. प्रकाश ज्या दालनात पडत होता आणि वाफ ज्या खोलीत कोंडत होती, त्या दोन जागांमध्ये जिना एकच असला तरी अंतर फार होते.

येथे आमचा प्रश्न उभा राहतो. माणसाच्या आयुष्याची झीज करून निर्माण झालेले सौंदर्य पाहून आपण आनंद मानावा काय? मानला, तर तो कोणत्या मनाने मानावा?

या प्रश्नाची दोन उत्तरे सर्रास दिली जातात. पहिले उत्तर असे की, कलाकृती एकदा जन्मली की ती आपल्या जन्मकथेपासून मुक्त होते. मूर्ती सुंदर आहे की नाही हे मूर्तीकडे पाहून ठरवावे. ती घडवणाऱ्याला पोटभर अन्न मिळाले की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. दुःखातून घडलेली म्हणून वस्तू कुरूप होत नाही; तसे असते तर आपला प्रश्न सोपा झाला असता. परंतु सौंदर्याचा न्याय वेगळा आहे म्हणून माणसाचा न्याय रद्द होत नाही. जो पाहणारा कारागिराला विसरून केवळ वस्तू पाहतो, तो कारागिराला कुंचल्याच्या आणि चिमट्याच्या रांगेत नेऊन बसवतो. हत्यार झिजले की आपण दुसरे आणतो. माणूस असा बदलता येत नाही, आणि ज्याला तो बदलता येईलसा वाटतो त्याच्या रसिकतेत काहीतरी बिघडलेले असते. उदात्त रूपांनी मन उदात्त होते ही त्या काळाची श्रद्धा नेमकी येथे पडताळून पाहता येते. रूपे उदात्त होती, परंतु भट्टीवर धुराडे बांधून देण्याइतकेही मन त्यांनी हलवले नाही.

दुसरे उत्तर याच्या उलट आहे. अशी वस्तू कलंकित आहे. तिचे कौतुक करणे म्हणजे अन्यायात सहभागी होणे. ती दृष्टीआड करावी, हेच बरे. या उत्तरामागील संतापाचा आम्ही आदर करतो. परंतु दीपवृक्ष वितळवून टाकल्याने कुणाची फुप्फुसे स्वच्छ होत नाहीत. उलट ज्या माणसाने आपले डोळे, आपला हात आणि आपली वर्षे त्या कामात ओतली, त्याची राहिलेली एकमेव खूण आपण पुसून टाकतो. आणखी एक गोष्ट. त्या कारागिराला केवळ बळी समजणे हाही त्याचा अवमान आहे. आपल्या कामाचा त्याला अभिमान होता. पानाच्या एकेका शिरेवरून फिरलेला अकीकाचा दगड हा गुलामाचा हात नव्हे, तर जाणत्याचा हात होता. त्याच्या दुःखाची आठवण ठेवताना त्याच्या कर्तबगारीची आठवण पुसली जाऊ नये.

याखेरीज, वितळवायला सुरुवात केलीच तर थांबायचे कोठे? सेंट पीटर्सबर्ग येथील संत इसहाकाच्या भव्य ख्रिस्तमंदिराच्या घुमटाला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच पद्धतीने सोन्याचा मुलामा देण्यात आला. त्या कामात पाऱ्याच्या वाफेने सुमारे ६० कामगार मरण पावले, असे सांगितले जाते. तेथे चैन राजाची नव्हती, गौरव परमेश्वराचा व्हावयाचा होता. पण पाऱ्याला हा फरक समजत नाही. नेपाळमधील पाटण येथे नेवार कारागीर बुद्धमूर्तींना आजही पाऱ्याच्या साहाय्याने मुलामा देतात. तेव्हा हा दोष एका देशाचा, एका वर्गाचा किंवा एका धर्माचा ठरवून आपल्याला सुटता येणार नाही.

कुणी म्हणेल, त्या कारागिरांवर कोणी जबरदस्ती केली होती? ते मजुरी घेत होते. नको असेल तर दुसरा धंदा करावयाचा होता. हा युक्तिवाद जुना आहे आणि आजही टवटवीत आहे. त्याला सर्वांत नेमके उत्तर १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात दिले. गरजेपोटी किंवा याहून वाईट काही ओढवेल या भीतीपोटी कामगार कठोर अटी स्वीकारतो, तेव्हा त्याची ती संमती खरी संमती नसून तो बळजोरीचा बळी असतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. घरात चूल पेटायची असेल तर भट्टीही पेटवली पाहिजे, अशी निवड ज्याच्यापुढे ठेवली जाते त्याला स्वतंत्र म्हणणे ही एक क्रूर थट्टा आहे.

मग या दोन उत्तरांच्या पलीकडे काय? आम्हांला वाटते, त्याचा माग याच धंद्यातील एका माणसाच्या मृत्युपत्रात सापडतो. आंत्वान-आंद्रे राव्रिओ हा पॅरिसचा एक यशस्वी ब्राँझकार. नेपोलियनच्या काळात त्याची भरभराट झाली. दीपवृक्ष, घड्याळे, सोनेरी अलंकरण यांवर त्याने नाव आणि पैसा मिळवला. १८१४ मध्ये तो वारला तेव्हा त्याने ३,००० फ्रँक एका कामासाठी मागे ठेवले होते : मुलामा देणाऱ्या कारागिरांचे पाऱ्यापासून रक्षण करील असा उपाय जो शोधून काढील, त्याला ते पारितोषिक द्यावे. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने ते जाहीर केले आणि रसायनशास्त्रज्ञ दार्से याने ते मिळवले. त्याचा निबंध १८१८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. उपाय फार अद्भुत नव्हता. भट्टीवर छत्रासारखे आच्छादन घालावयाचे, धुराड्यात स्वतंत्र विस्तव ठेवून हवेची ओढ निर्माण करावयाची, म्हणजे वाफ कारागिराच्या तोंडाकडे न येता वर खेचली जाईल. एवढेच.

या ‘एवढेच’पाशी आम्ही थोडे थांबू इच्छितो. ज्या हातांनी मेंढ्याच्या मस्तकावरील लोकरीची एकेक कुरळी बट कोरली, त्या हातांच्या युगाला चांगले धुराडे बांधणे अशक्य होते काय? बुद्धी होती, पैसा होता, कौशल्य तर अफाट होते. कमतरता होती ती एका प्रश्नाची, आणि तो प्रश्न रामाझ्झिनीने शंभर वर्षांपूर्वी विचारून ठेवला होता. एखादे दुःख अटळ आहे असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की, ते टाळण्याची जबाबदारी कुणावर टाकलेली नाही.

राव्रिओच्या या देणगीकडे पाहताना दोन भाव मनात येतात आणि ते दोन्ही राहू द्यावेत असे आम्हांला वाटते. एक, कृतज्ञतेचा. आपल्या वैभवाखाली कुणाचा श्वास दबला आहे हे त्याने ओळखले आणि लिहून ठेवले. दुसरा, खंतीचा. ही जाणीव मृत्युपत्रात प्रकटली. माणूस जिवंत असताना त्याच्या भट्टीवर जे छत्र हवे होते, त्याची तरतूद मालकाच्या मरणानंतर झाली. मरणोत्तर दान ही दया असेल. कामाच्या दिवशी दिलेले संरक्षण हा न्याय आहे. न्यायाची थकबाकी दयेने फेडता येते, असे समजण्याचा मोह सधन माणसाला आणि सधन समाजाला फार लवकर होतो.

कारागिराची थकबाकी हा तर त्या काळचा नित्याचा प्रकार होता. ज्याच्या कामासाठी दरबार वेडा झाला होता, तो गूतिएर १७८८ च्या सुमारास दिवाळखोर झाला. ड्यूक द’ओमाँच्या निधनानंतर १७८२ मध्ये झालेल्या लिलावात त्याची कामे स्वतः राजाराणीने विकत घेतली होती. पण मादाम द्यु बारीसारख्या बड्या ग्राहकांकडील त्याचे पैसे अडकून राहिले. १७९३ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. व्हर्सायच्या राजवाड्यातील सामान १७९३-९४ मध्ये लिलावात निघाले आणि १७,००० हून अधिक लाटांमध्ये विकले गेले. गूतिएर १८१३ मध्ये दारिद्र्यात मरण पावला. राजा गेला, राणी गेली, उस्ताद गेला. मुलामा मात्र जसाच्या तसा राहिला.

तरीही गूतिएरचे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या भट्टीपाशी उभे राहणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे नाहीत. गोव्याच्या बॉम जेझू ख्रिस्तमंदिरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीखालील संगमरवर आणि ब्राँझ यांची समाधी १६९८ मध्ये उभी राहिली. तिचा दाता टस्कनीचा तिसरा कोसिमो आणि शिल्पकार फोजिनी, ही नावे आपण सांगतो. ज्यांनी भट्टीत धातू वितळवला आणि ज्यांनी फ्लॉरेन्सहून निघालेले ते ओझे येथे उचलून चढवले, त्यांची नावे आपण सांगत नाही. पवित्र शास्त्राने मात्र या बाबतीत एक वेगळा पायंडा घालून दिला आहे. निर्गमाच्या ग्रंथात शुद्ध सोन्याच्या, सात दिव्यांच्या दीपवृक्षाचे वर्णन आहे आणि त्या ग्रंथाने कारागिरांची नावे गाळलेली नाहीत. बसालेल आणि अहलियाब ही ती नावे. त्यांचे कौशल्य हे देवाच्या आत्म्याचे दान आहे, असे तेथे म्हटले आहे. ज्याचे कौशल्य देवाचे दान, त्याचा देह कवडीमोल कसा?

१८४० मध्ये इंग्लंडमधील एल्किंग्टन चुलतबंधूंनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले आणि हळूहळू पाऱ्याची भट्टी मागे पडली. (नव्या पद्धतीतही सायनाइडसारखे विष होतेच, निर्दोष सुटका इतिहासात सहसा नसते.) परंतु जुन्या वस्तूंच्या बाजारात आजही पाऱ्याच्या मुलाम्याला अधिक मान आहे. त्याचा रंग अधिक खोल, अधिक ऊबदार दिसतो, असे जाणकार सांगतात आणि त्यांचे डोळे खोटे बोलत नाहीत. आमचे म्हणणे एवढेच की, त्या ऊबदार रंगाची किंमत सांगताना ती कोणी भरली, हेही सांगितले जावे.

वाचकांना वाटेल, दूरदेशीच्या, दोनशे वर्षांपूर्वीच्या या कथेशी आपला काय संबंध? संबंध आहे. पारा आणि सोने यांचे ते जुने लग्न अजून मोडलेले नाही. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि आग्नेय आशियातील लहान लहान खाणींत गरीब माणसे आजही दगडाच्या चुऱ्यातून सोने वेचण्यासाठी पारा वापरतात आणि तो विस्तवावर उडवतात, पुष्कळदा राहत्या घराच्या अंगणात. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा आज याच खाणकामाचा आहे. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ मध्ये संमत झाला, २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. परंतु वितळलेल्या सोन्यावर त्याचा जन्म लिहिलेला नसतो. लग्नाच्या बस्त्यात, बारशाच्या साखळीत, वेदीवरील पात्राच्या मुलाम्यात आपल्याकडे येणारे सोने कुणाच्या अंगणातून आले, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. गूतिएरच्या हातातील अकीकही आपल्याला परका नाही. गुजरातेत खंभात येथे अकीकाचे दगड घासून पैलू पाडणाऱ्यांच्या फुप्फुसांत त्याचीच धूळ साचते, आणि त्या रोगाची नोंद वैद्यकाने केव्हाच केली आहे.

तेव्हा सुंदर वस्तू पाहू नये, असे आम्ही म्हणत नाही. पाहावी, मन भरून पाहावी. त्या दीपवृक्षापुढे उभे राहिल्यावर हात जोडले गेले तरी वावगे नाही. मात्र ते वस्तूच्या मालकापुढे जोडलेले नसावेत. वैद्याने रोग्याला विचारावयाचा प्रश्न आपण प्रत्येक देखण्या वस्तूला विचारावा : तुला घडवणाऱ्याचा धंदा कोणता, आणि त्या धंद्याने त्याचे काय केले? ज्यांना तो विचारायला आपण उशिरा आलो, त्यांची आठवण एवढेच आपण देऊ शकतो. जे आज भट्टीपाशी उभे आहेत, त्यांना आठवण नको आहे. त्यांना धुराडे हवे आहे. ते बांधण्यासाठी आपल्या मृत्युपत्राची वाट पाहावी लागू नये.